पडला पोलीस, अडकला चालक

डेपोत त्याला सगळे ‘मौनी’ म्हणायचे, कारण हा बसचालक कामापुरतं बोलायचा आणि कामही फारसं बोलण्याचं नव्हतं.

एका दुपारी साध्या कपड्यातला एक पोलीस बसमध्ये चढला आणि दोन स्टॉपांच्या मधेच उतरवायला सांगू लागला. चालक म्हणाला, "साहेब, पुढच्या स्टॉपवर." स्टॉप येईपर्यंत साहेबांचा पारा चढला होता. तणतणत उतरताना त्यांचा पाय पायरीवरून सटकला आणि मनगट मोडलं. चालकानेच रुग्णवाहिका बोलावली.

संध्याकाळी त्याला घरातून उचललं. म्हणे, त्याने पोलिसाला ढकलून जखमी केलं.

"अहो, मी केबिनमध्ये काचेमागे होतो, कमरेला पट्टा होता," तो ठाण्यात सांगत राहिला.

"ते कोर्टात सांग," फौजदार म्हणाला. हा तपास अधिकारी पडलेल्या साहेबांचा जुना दोस्त होता. दुसऱ्या दिवशी बसमधली एक नर्स आपणहून साक्ष द्यायला आली, तिला त्याने "लागलं तर बोलावू" म्हणून वाटेला लावलं.

चालक निलंबित झाला. बायकोने शिवणकामावर घर ओढलं. "काही असल्याशिवाय पोलीस कशाला नेतील?" असं थोरली वहिनी कुणाशी तरी बोलल्याचं कानावर आलं, ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुढे खटला चालला, बचावाच्या वकिलांनी बोलावल्यावर नर्सची साक्ष झाली आणि तो निर्दोष सुटला.

"सुटलात ना? आता गप्प बसा," बायको म्हणाली.

"जन्मभर गप्पच बसलोय. सुटलो म्हणजे काय गं? अडकावं असं मी केलं काय होतं?"

त्याने दोन्ही पोलिसांवर दावा ठोकला. त्याच्या वकीलबाईंनी आधीच बजावलं, "निर्दोष सुटलात एवढ्याने भागणार नाही. आरोप ठेवायला त्यांच्याकडे काही आधारच नव्हता आणि ते त्यांना कळत होतं, हे दाखवावं लागेल."

उलटतपासणीत त्यांनी फौजदाराला विचारलं, "तुम्ही बस आतून पाहिलीत?"

"नाही."

"का?"

"साहेब सांगत होते, मग पाहायचं काय?"

"आणि ती नर्स?"

"तिचा जबाब घ्यायचा राहिला."

कोर्टात कुणीतरी हसलं. चालकाला वाटलं होतं, हे ऐकून छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. तो नुसता थकून बसून राहिला.

निकाल त्याच्या बाजूने लागला. दोघांनी भरपाई द्यावी, असं कोर्टाने सांगितलं. फौजदार अपिलात गेला, तिथेही हरला. माफी मात्र कुणीच मागितली नाही. कोर्टाच्या जिन्यात समोरासमोर आले तेव्हा ज्यांचं मनगट मोडलं होतं ते साहेब फोनमध्ये बघत खाली उतरून गेले.

चालक कामावर परतला. "तुम्हीच का ते पोलिसांना नमवणारे?" असं प्रवासी कौतुकाने विचारू लागले, ते त्याला सोसवेना. शेवटी त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाचा मार्ग मागून घेतला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही.