स्पीकरखालचे रबरी पाय

बायको गेली उन्हाळा लागायच्या आधी. मला रडू आलं नाही. लोक भेटायला यायचे, मान खाली घालून बसायचे, आणि मीच त्यांना चहा घेणार का विचारायचो. आत काही हलतच नव्हतं.

मी निवृत्त, त्यामुळे दुपार संपता संपत नाही. घरात आता आई आणि मी, दोघंच. आईचा जन्म यंत्रमागांच्या शेजारी सुताच्या कांड्या भरण्यात गेला. त्या खडखडाटानं तिचे कान कधीच गेले. समोर बसून खणखणीत बोललं तरच तिला काही कळतं. म्हणजे दुपारी मी गाणी लावायचो ती एकट्यासाठीच.

स्पीकर कमरेएवढे उंच, हौसेनं घेतलेले. पण घर वरच्या मजल्यावर आणि स्पीकर थेट शहाबादी फरशीवर, त्यामुळे ढोलकी वाजली की फरशी थरथरायची आणि सगळा आवाज घुमायचा. खाली खास रबरी पाय बसवले की हादरा फरशीत उतरत नाही, असं इंटरनेटवर वाचलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! लागलो मागे.

हे पाय वजन बघून निवडायचे. रबर फार कडक असेल तर दबत नाही, फार मऊ असेल तर चपटं होऊन बसतं. म्हणून स्पीकर छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यातून माझं वजन वजा केलं. मी चांगलाच उतरलो होतो. त्याचंही काही वाटलं नाही.

सात रस्त्याजवळच्या दुकानदारानं मधल्या प्रकारचे काढून दिले. "ये लगाव साब," तो म्हणाला, "फर्श कू पता बी नै चलता."

घरी येऊन स्पीकर आडवे केले, बूड पुसलं, चारही कोपऱ्यांना पाय पिळून बसवले आणि गाणं लावलं. आवाज खरंच स्वच्छ झाला होता. तबल्यावरचं बोट न् बोट ऐकू येत होतं. छान होतं. बस, तेवढंच.

आई तिथंच फरशीवर पडली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे फरशी ओल्या फडक्यानं पुसायची आणि तिच्यावरच अंग टाकायचं. चटईसुद्धा नकोशी वाटते. ती रोज तशीच पडते, गाल फरशीला लावून. त्या दिवशी मात्र सारखी कूस बदलत होती, फरशीवर तळवा फिरवत होती. शेवटी उठून बसली.

"आज गाणं लावलं न्हाईस व्हय?"

मी स्पीकरकडे बोट केलं. गाणं चांगलं मोठ्यानं चालू होतं.

"मला कुटं येतंय? तू हापिसात असताना सूनबाई लावायची की, रोज दुपारी. आमी दोगी हितं पडायचो. फरशीतनं समदं यायचं. ती गेली तरी एवढं ऱ्हायलं हुतं."

 स्पीकर पुन्हा आडवे केले आणि सगळे पाय पिळून काढले. आवाज पहिल्यासारखा घुमायला लागला. आईनं फरशीवर तळवा टेकला, जरा थांबली, मग आडवी झाली. शेजारची जागा थोपटून म्हणाली, "ये. हितं पडायची ती."

मी पडलो. गालाखाली फरशी गार होती आणि आतून थरथरत होती. बायको गेल्यावर पहिल्यांदाच मला रडू फुटलं, अगदी लहान पोरासारखं. आईला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. फरशीतूनच कळलं असावं. तिचा हात माझ्या पाठीवर आला.