जत्रेचा सीन आणि चिकटपट्टी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. केबलच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की गमतीजमतीच सांगत आलो.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, बमरोलीला, लोकल केबलच्या कंट्रोल रूमवर होतो. कंट्रोल रूम म्हणजे एक खोली, दोन व्हीसीआर आणि गच्च्यांवरून घरोघर गेलेल्या वायरी. वस्ती बहुतेक खानदेशी. रविवारी दुपारी जुना मराठी चित्रपट लावायचो. या महिन्यात पाहण्यासारखे चित्रपट कोणते, ते निवडून पडद्यावर पाटी फिरवणं माझं काम.

सुमनताई घरी साड्यांचे धागे कापायच्या. एकदा त्या कॅसेट घेऊन आल्या. ओळखीच्या शेठाणीने टीव्हीवरून भरून दिलेला जुना चित्रपट. शूटिंग त्यांच्या गावाजवळ झालेलं. त्यातल्या जत्रेत त्यांचे वडील संबळ वाजवताना दिसायचे. वडील वारलेले, घरात फोटो एकही नाही. गावाहून आई आली होती. तिने चित्रपट पाहिलेला नव्हता, आणि सुमनताईंकडे व्हीसीआर नव्हता.

"भाऊ, आईला एकदा दाखवायचेत," एवढंच म्हणाल्या.

मी तो चित्रपट पाटीत पहिला टाकला. शनिवारी कॅसेट तपासली. जत्रा सापडली, म्हातारा झोकात वाजवत होता. तिथेच थांबवली. तेवढ्यात केबलचे मालक, शेठ, आले. मॅच रंगात आलीय, शेवटच्या ओव्हर भरून ठेव, उद्या पुन्हा दाखवू, म्हणाले. कोरी कॅसेट नव्हती.

"अरे, गमे ते लई ले," शेठ म्हणाले. कुठलीही घे.

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची टिकली असते. ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. सुमनताईंच्या कॅसेटची मोडलेली होती. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की चालतं. चित्रपटामागे बरीच टेप कोरी होती, तिथे भरू म्हटलं. पट्टी लावली, बटण दाबलं. टेप पुढे न्यायची राहिली.

रविवारी सकाळी पाहिलं. जत्रेच्या जागी बॅटिंग.

दुपारी दुसराच जुना चित्रपट लावला. सुमनताई धावत आल्या. कॅसेटला बुरशी लागलीय, मी म्हणालो. सुरतेच्या दमटपणात लागायचीच, त्यामुळे खोटं पचलं.

"माझंच चुकलं. माठाजवळच्या फळीवर ठेवली होती," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आईला पिक्चर बदललाय ते सांगितलं नाहीये. गर्दी दिसली की पुढे सरकून बघते."

त्यांनी कॅसेट परत मागितली नाही. म्हातारी पुढच्याच वर्षी गेली.

तेव्हापासून कंट्रोल रूममध्ये मी चिकटपट्टी ठेवली नाही. धडा म्हणायचा तर एवढाच.

नोकरी सोडल्यावर एकदा खरं सांगायचं ठरवून सुमनताईंकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. शेजारीण नवी कॅसेट दाखवायला आली, तर तिला म्हणाल्या, "माठापासून लांब ठेव गं. माझ्या हलगर्जीपणाने आईचं बघणं राहिलं." आणि माझ्याकडे पाहिलं, मी दुजोरा द्यावा म्हणून.

मी मान हलवली. चहा संपवला आणि उठलो.