पाच मोरांचा पंचनामा

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण नानांचं आहे. आई-बापाचं त्यानंतर. हे मी आईसमोरही म्हटलेलं आहे आणि तिने मान डोलावलेली आहे.

नाना आमच्या गावातले मोठे शेतकरी आणि माझे वडील एकवीस वर्षं त्यांचे सालदार होते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला सुटतं. वडिलांचं मध्ये कधी सुटलंच नाही. सातवीनंतर मला पाचोऱ्याच्या वसतिगृहात नेऊन घातलं ते नानांनी. पत्र्याची ट्रंक त्यांच्या मोटारसायकलला मागे बांधलेली, मी पुढे टाकीवर. पुढे मी बी.ए. झालो. आमच्या गल्लीत त्याआधी कुणी झालं नव्हतं. वनरक्षक भरतीचा फॉर्मही नानांनीच आणला. त्या परीक्षेत पाच किलोमीटर धावायचं असतं. पाटाच्या रस्त्याने मी पुढे धावायचो आणि नाना हातात घड्याळ धरून मागून मोटारसायकलवर यायचे.

"अरे, तुनापेक्षा मनी म्हैस बरी पळस!" ते ओरडायचे. मी हसायचो आणि हसताना दम लागायचा. निवड झाली तेव्हा पेढे त्यांनी वाटले. नेमणूक झाली ती चाळीसगाव आणि पारोळ्याच्या मधल्या माळावर, आमच्याच गावाचं शिवार ज्या बीटात येतं तिथे. त्यासाठी नानांनी कुणाकडे तरी शब्द टाकला होता. "आपला माणूस आपल्याजवळ बरा," एवढंच ते म्हणाले. मला तेव्हा त्यात फक्त माया दिसली.

गेल्या भाद्रपदात, घट बसायच्या आदल्या आठवड्यात, नाल्याच्या काठी तीन दिवसांत पाच मोर मेलेले सापडले.

माझे वरिष्ठ वनपाल साहेब आले, त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि एका नजरेत निकाल दिला. "पिसारा कुठंय? पिसांसाठी मारलेत. टोळी आहे ही."

"साहेब, पावसाळा सरला की मोर पिसारा गाळतो. या दिवसांत तो असाच दिसतो."

"तुम्ही बी.ए. ना?"

"हो."

"कशात?"

"इतिहासात."

"मग?" असं म्हणून ते जीपकडे चालू लागले.

त्यानंतर दोन दिवस आम्ही गावात मोरपिसं शोधली. देव्हाऱ्यातल्या कृष्णाच्या तसबिरीवरचं एक, शाळेतल्या सरस्वतीच्या फोटोमागची दोन, आणि चौथीतल्या एका मुलीच्या मराठीच्या वहीत ठेवलेलं एक, जे देताना ती एवढी रडली की मास्तरांनी वर्ग सोडून दिला. गावच्या भगताचा मोरपिसांचा कुंचा मी हातात घेतला तेव्हा तो म्हणाला, "ह्याच कुंचानं तुले झाडेल शे मी, तुले ताप चढना व्हता तवय. आते माले धरस का?" मी तो कुंचा खाली मान घालून पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून पोरं माझ्या गाडीमागे "मोरसाहेब, मोरसाहेब" करत धावू लागली.

पंचनाम्याला पंच लागतात आणि खेड्यात पंच मिळत नाही. सही केली की कोर्टाच्या तारखा मागे लागतात, त्यामुळे वर्दी दिसली की ओट्यावरची माणसं शेताकडे निघतात. आमच्या गावात मात्र ही अडचण कधी आली नाही, कारण नाना होते. तलाठ्याचं काम असो, पोलिसांचं असो की आमचं, नाना चष्मा लावून शांतपणे सगळं वाचायचे आणि सही करायचे. मेलेल्या मोरांचे पंचनामे त्यांच्या सहीने झाले, जप्तीचेही झाले. वहीतल्या पिसाचा पंचनामा वाचून ते मला म्हणाले, "पोरीला नवीन वही तरी घेऊन दे रे." मी घेऊन दिली.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. माझ्या खोलीच्या दाराखाली, गाडीच्या सीटवर, एकदा तर डब्यातल्या भाकरीखाली. प्रत्येकीत गुन्हेगाराचं नाव होतं आणि प्रत्येक नाव लिहिणाऱ्याच्या बांधशेजाऱ्याचं होतं. सात-बारावर ज्याचं भांडण, त्याने मोर मारले. एकाने स्वतःच्या जावयाचं नाव कळवलं होतं. चौकशी केली तर जावई सहा महिन्यांपासून सुरतला. सासऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "आते नही मारं तर पुढे मारी. तुम्ही लिखी ठेवा."

वनपाल साहेबांनी त्या सगळ्या चिठ्ठ्या फाइलला लावल्या.

गुन्हा उलगडला तो तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी मोराच्या गळ्यातली अन्नाची पिशवी उघडली आणि ताटलीत दाणे ओतले. औषधाचा उग्र वास आला. "ज्वारी," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं. वनपाल साहेब म्हणाले, "ज्वारी काय, सगळीकडेच असते."

मी दाण्यांकडे बघत राहिलो. ती नुसती ज्वारी नव्हती. पांढराशुभ्र, टपोरा, मोत्यासारखी चकाकी असलेला दाणा, म्हणजे दादर. आमच्या शिवारात त्या वर्षी कापूस आणि मका सोडून कुणी काही लावलं नव्हतं. दादर पेरत होता एकच माणूस, नाल्याकाठच्या तीन बिघ्यांत, घरच्या राखलेल्या बियाण्याची, कारण बाजारच्या ज्वारीची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही. सुट्टीत घरी आलो की त्याच दादरीची भाकरी मी त्याच्या ओट्यावर बसून खाल्ली होती, दूध कुस्करून.

तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. चौथ्या दिवशी स्टँडवरच्या चहावाल्याला उगाच विचारलं, "यंदा दादर कुणी कुणी पेरली, भाऊ?"

त्याने कप विसळता विसळता माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठा गावले माहीत शे, मोरसाहेब. पहिला दिनपासून. तुम्ही पिसं मोजी राह्यनात म्हणीसन कोणी बोलनं नही."

मी नानांकडे गेलो. त्यांनी नाकारलं नाही. मला ते नाकारतील अशी आशा होती.

"पेरलं की उकरतात रे," ते म्हणाले. "दोनदा पेरलं. तिसऱ्यांदा औषध लावून बांधावर टाकलं. मोरच खातील हे मला काय ठाऊक? खायचं ते डुकरांनी." मग चहा पुढे सरकवून, घरच्या बोलीत, अगदी सहज म्हणाले, "लिखी दे नवा सालदारनं नाव. मी त्याले सांगेल शे. दोन दिनमा सोडी आनस."

"नाना, मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. दोन दिवसांत नाही सुटत माणूस."

"काही होत नही. तुना बापले काय झालं?"

मला कळेना. "माझ्या वडिलांना काय झालं होतं?"

नानांनी बशी खाली ठेवली. "विचार त्याले," म्हणाले.

वडील घरी दोर वळत बसले होते. विचारलं तर हात न थांबवता सांगितलं. मी सातवीत असताना नानांच्या विहिरीवरच्या मोटरीला वीज तारेवर आकडा टाकून घेतलेली होती. पथक आलं. वडिलांनी सांगितलं, आकडा मी टाकला.

"पण तुम्ही तर तेव्हा सुरतला होता ना? नानांच्या कामाला?"

"सुरत नही रे. तालुकाले व्हतू. कोठडीमा. आठ दिन."

आमच्या घरात तेव्हा वीज नव्हती. चिमणी होती. माझा बाप वीजचोरीत आत गेला तेव्हा आमच्या घरात एकही दिवा नव्हता जो बटण दाबून लागावा. ते परत आले तेव्हा मी धावत जाऊन विचारलं होतं, सुरतहून काय आणलं, आणि त्यांनी कागदाच्या पुडीतली गोडीशेव दिली होती. मी शाळेत सांगितलं होतं की सुरतची गोडीशेव वेगळी लागते. त्याच वर्षी जून महिन्यात नाना मोटारसायकल घेऊन दारात आले होते आणि माझी ट्रंक बांधली होती.

"त्यांनी म्हटलं होतं का, की तुम्ही आत बसा, मी पोराला शिकवतो?"

"अशी बोली कोणी करतं का?" वडील म्हणाले. "मी बसनू. त्यानं शिकाडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा आत्ताचा सालदार स्वतःहून कार्यालयात हजर झाला, नुकताच धुतलेला सदरा घालून. वनपाल साहेबांनी कागद ओढला.

"मोर तू मारलेस?"

"हा."

"कसे मारलेस?"

हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. त्याने थोडा विचार केला. "लाठीघाई."

"पाच मोर? काठीनं? रांगेत उभे राहिले होते का ते?"

"एकेक करी येत गयात, साहेब."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण हसू येत होतं आणि त्या हसण्याची मला किळस आली होती. आत आलो तेव्हा साहेबांनी 'काठी' खोडून 'विषारी औषध' लिहिलं होतं आणि तो अंगठ्याला शाई लावून घेत होता. त्याला तीन लेकरं आहेत. थोरला सातवीत आहे.

"थांबा," मी म्हणालो. साहेब म्हणाले, "काय झालं? प्रकरण मिटतंय." मी म्हणालो, दाणा दादरीचा आहे. दादर कुणाची आहे तेही सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचे कोण लागतात ते?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग घरी जा आणि दोन दिवस रजा टाका. मी बघतो." वाईट मनाने म्हणाले नाहीत. मला वाचवायलाच म्हणाले.

मी रजा टाकली नाही. अहवाल लिहिला आणि थेट वरच्या साहेबांकडे दिला. त्यांनी तो वाचला, फाइल चाळली आणि खळखळून हसले. "आरोपीनेच पंच म्हणून सही केलीय? सगळ्याच पंचनाम्यांवर? चांगलं गाव आहे तुमचं." मग हसणं थांबवून त्यांनी झडतीचा आदेश काढला. गोदामाची किल्ली नानांनीच दिली. औषधाची बाटली कोनाड्यात होती, बियाण्याची गोणी शेजारी. पंच मिळेना. शेवटी भगत तयार झाला, आणि सही करताना म्हणाला, "मना कुंचा परत करा पहिले."

नानांना धरलं तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जीपमध्ये चढताना माझा हातही धरला नाही. काही दिवसांनी जामीन झाला. माझी बदली झाली, धुळे जिल्ह्यात पश्चिमेला, साक्रीच्याही पुढे. हे सगळं होईल हे मला माहीत होतं.

जे माहीत नव्हतं ते वेगळं. वडील माझ्याशी बोलायचे थांबले. निघायच्या दिवशी एकदाच बोलले. "तुले साहेब करासाठे मी आठ दिन बसनू. आन तू त्याच माणूसले बसाडं." मी म्हणालो, मी त्या सालदाराला वाचवलं. वडील म्हणाले, "त्याले विचारं का तू?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. नानांच्या घरच्यांनी त्याचं साल मध्येच तोडलं, ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर. तो मला पारोळ्याच्या बाजारात भेटला. मी थांबलो. तो थांबला नाही, पण जाता जाता म्हणाला, "बशी ऱ्हातू मी. साल तरी ऱ्हातं."

तो बसला असता तर तीन वर्षं बसला असता, हे मी त्याच्या पाठीला सांगितलं. बाजारात गोंगाट होता. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही.

नाना माझा फोन घेत नाहीत. म्हणून महिनाभर थांबून मी पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. ते असं होतं:

तीर्थस्वरूप नानांस,

साष्टांग नमस्कार.

फोन घेत नाही म्हणून लिहितो आहे. माफी मागायला लिहीत नाही. मागितली तर ती खोटी होईल आणि तुम्हाला ते पहिल्या ओळीत कळेल.

आकड्याचं मला वडिलांकडून कळलं. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत, माझ्यावर आहेत. मी दोघांवरही आहे. तरी सांगतो, तुम्ही मला शिकवलं नसतं तर मी आज कुणाच्या तरी शेतात असतो आणि कुणीतरी सांगितलं की आत जाऊन बसलो असतो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. पण ते शिकवणं त्या आठ दिवसांची फेड म्हणून होतं की मायेने होतं, हे मला आता कळायचा मार्ग राहिलेला नाही. तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का, असा मी विचार करतो.

तारीख लागली की मला साक्षीला बोलावतील. मी येईन. दाणे पाहून मी कसं ओळखलं, हे विचारतील. तुमच्या ओट्यावर जेवलो होतो म्हणून ओळखलं, असंच सांगेन. यात काही कमी-जास्त करणार नाही.

एक मागणं आहे. शिक्षा व्हायची तर तुम्हाला होईल, मला व्हायची ती मी भोगतो आहे. सालदाराने काहीच केलेलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून तो आला आणि सांगितलं तेच बोलला. त्याला कामावरून काढलं ते घरच्यांनी रागात काढलं असेल, पण घरात शब्द तुमचाच चालतो. आखाजीपर्यंतचं त्याचं साल पूर्ण करू द्या. त्याच्या थोरल्याला कुठे घालायचं ते मी बघतो, इथे साक्रीला चांगली आश्रमशाळा आहे. त्यासाठी कुणी आत बसायची गरज नाही.

उत्तर पाठवलं नाही तरी चालेल. तो कामावर परत आला की मला कळेलच.

आपला