शनिवारचे गुप्तहेर

"ताई, आधी दार बघायचं. सगळं दार सांगतं," असं समोरचे भाऊ गुप्तहेरांच्या मालिका बघताना नेहमी म्हणत. त्या शनिवारी दुपारी दारच उघडेना. आत त्यांची बायको वॉशरूमच्या दाराला टेकून पडली होती आणि बाहेरून ते खांदा लावत होते. मी मागे उभी. माझा काही उपयोग नव्हता.

कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या समोर राहत. शेजारच्या वॉन शहरातल्या वेअरहाउसमध्ये वीस वर्षं खोकी उचलून रिटायर झालेले. दोन्ही घरं कोकणातली, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी शब्बाथ, देवाने सांगितलेली सुट्टी. बटण दाबायचं नाही, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये.

आणि नेमक्या शनिवारीच एका चॅनलवर टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातल्या खासगी गुप्तहेरांच्या मालिका लागत. काळ्यापांढऱ्या. त्या बनल्या तेव्हा आमच्या गावात वीजही नव्हती. म्हणून त्यांनी तोड काढली होती. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत टीव्ही लावायचा, तो शनिवारी तारे दिसेपर्यंत तसाच चालू. आवाज मोठा, कारण त्यांना कमी ऐकू येई. तुमच्याही ओळखीत असा एखादा देवभोळा लबाड असेलच.

मी चौथी शिकलेली, इंग्रजी कळत नाही. ते सांगत.

"तो टोपीवाला खुनी."

"सगळ्यांनीच टोप्या घातल्यात, भाऊ."

"म्हणून तर गुप्तहेर लागतो!"

आतून बायको म्हणे, "स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि निघाले खुनी शोधायला."

त्या दिवशी किंकाळी आली तेव्हा पडद्यावर एक बाई जिन्यात उभी होती. "गेली बिचारी," ते म्हणाले.

"ओरडते मात्र छान," मी म्हटलं.

पुन्हा ओरडणं आलं. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मग जाहिराती लागल्या तरी ओरडणं थांबेना, तेव्हा ते उठले.

"ताई, फोन!"

जिवासाठी शब्बाथ मोडायला परवानगी असते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. मी फोन चालू करून ९११ला लावला. पण टीव्हीकडे दोघांचाही हात गेला नाही. शनिवारी तो बंद करता येतो हेच डोक्यात आलं नाही. जाहिराती संपल्या आणि गोळ्या सुटायला लागल्या. पलीकडची बाई विचारी, "गन? गन?" मी ओरडून सांगे, "नो, टीव्ही!" तिला ते पटलं नसावं. आधी पोलीस आले. अँब्युलन्स त्यांनी खाली थांबवून ठेवली.

तोवर खांदा लावून लावून ते दाराला पाठ टेकून खाली बसले होते.

"अगं, आहेस ना?"

"आहे. ढकलू नका हो, खुबा दुखतो."

थोड्या वेळाने पुन्हा, "आहेस ना?"

"आहे म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा तिनेच हाक मारली, "अहो?" ते बोलले नाहीत. ओठ निळे पडले होते. मी पाण्याचा ग्लास धरून उभी. ती आतून हाका मारत होती. मी म्हटलं, "आहेत, आहेत."

अँब्युलन्सवाल्यांनी कार्पेटवर त्यांची छाती दाबून दाबून पाहिली. काही झालं नाही. मग दार बिजागरीतून काढलं आणि तिला बाहेर घेतलं.

तिच्या खुब्यात सळई घातली. ती वाचली.