एक की दोन

आमच्या खात्यात त्यांना सगळे बाई म्हणायचे. डॉक्टर होत्या, माझ्याहून बऱ्याच वरिष्ठ, पण शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बाईच. पेशंटना मात्र त्या कधी दिसल्या नाहीत. आमचं कामच तसं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, मेणात बसतो, केसाहून पातळ कापला जातो, काचेवर चढतो, रंगतो, आणि मग आम्ही मायक्रोस्कोपला डोळे लावून आजाराचं नाव सांगतो. ज्याचा तुकडा तो माणूस आम्हाला जन्मात भेटत नाही. बाई म्हणायच्या, "आपण स्वयंपाकघरातली माणसं. वाढणारे वेगळे."

काच लावली की त्या तिच्याशी बोलत. "बोल गं बाई, काय झालंय तुला?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फोनवर बोलताहेत.

खात्यात आम्ही तिघं डॉक्टर. सर, म्हणजे खातेप्रमुख, बाई, आणि मी. काचा रंगवायचं काम आमच्या तंत्रज्ञाकडे, म्हणजे काकांकडे. तळमजल्यावरच्या त्या खोल्यांना खिडक्या उंचावर होत्या, त्यामुळे बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे.

बाईंची थोरली नणंद शाळेत इतिहास शिकवायची. सगळे तिला अक्का म्हणत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या दोघी एकत्र आल्या की फजिती व्हायची ती बाईंच्या यजमानांची. "या घरात मी भाडेकरू आहे," असं ते मला एकदा म्हणाले होते.

अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन आमच्याच इस्पितळात झालं आणि तुकडा खाली आमच्याकडे आला. घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, हा बाईंचाच दंडक. काच सरांकडे गेली.

इथे थोडं सांगायला हवं. या आजारात गाठीवर एक खास रंग चढवून बघतात. चढला तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडं दिसतं. कडं ठळक असेल तर तीन गुण, काहीच नसेल तर शून्य. तीनवालीला एक विशिष्ट औषध लागू पडतं. इथवर वाद नाही, नवशिकाही सांगेल. मारामारी सगळी मधल्या जागेत. कडं फिकट आणि तुटक असेल तर एक, फिकट पण पूर्ण असेल तर दोन. एक म्हणजे विषय संपला, ते औषध नाही. दोन म्हणजे पक्कं सांगता येत नाही, पुढची तपासणी करा आणि मग ठरवा. आता फिकट-तुटक आणि फिकट-पूर्ण यांत अंतर ते किती! एखाद्या दिवशी डोळे थकलेले असले तर तेवढंही राहत नाही.

अक्काच्या काचेवर सरांनी एक लिहिलं.

बाकीचे उपचार झाले. अक्काचे केस गेले, परत आले, ती शाळेत रुजू झाली. दोनेक वर्षांनी आजार यकृतात उगवला. दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळाने आमच्याकडून मेणाचा जुना ठोकळा मागवला, नव्याने रंगवला आणि दोन म्हटलं. पुढची तपासणी केली तर ती स्पष्ट होकाराची आली. औषध सुरू झालं, पण वेळ कधीच निघून गेली होती.

अक्का तोंडाची तिखट. भेटायला येईल त्याला सांगायची, "माझ्या भावजयीच्या हाती ती काच गेली असती, तर मी अशी पडले नसते." बाई खाली मान घालून ऐकायच्या.

मी बाईंना म्हटलं, "आपली काच कपाटातच आहे. काढून एकदा बघून टाका ना."

"आता बघून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मला उत्तर माहीत आहे. उत्तर माहीत असलेल्या डोळ्यांना तेच दिसणार."

त्यावर त्या बरेच दिवस विचार करत असाव्यात. एका सकाळी मला बरोबर घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, काकांना सांगून जुन्या काचा काढू या. नावं-नंबर झाकायचे, उलटसुलट लावायच्या, आणि तिघांनी वेगवेगळं बसून गुण द्यायचे. बघू तरी, आपलं आपसात किती जुळतं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "यात तुमच्या नणंदेची काचही असेल."

"असेल."

"म्हणजे माझी परीक्षा घ्यायची आहे."

"तिघांची, सर."

"उभी हयात या काचांत गेली माझी. आज माझे डोळे तपासायला निघालात?"

सरांचा चेहरा लाल झाला होता. माणूस खडूस, पण कामात कधी टाळाटाळ केली नव्हती. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "तुमची चूक धरायची असती तर मी कधीच वर तक्रार केली असती," त्या म्हणाल्या. "मला भीती वेगळीच आहे. ज्या काचा दुसऱ्या कुणी पुन्हा बघितल्याच नाहीत, त्यांचं काय?"

सरांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. काकांनी काचांच्या टोकांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि आम्ही आपापल्या खोलीत बसलो. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाशी धड बोललं नाही, वार्षिक परीक्षा चालू असावी तसं.

मग एके दुपारी काकांनी पट्ट्या सोडवल्या आणि तिघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. शून्य आणि तीन छान जुळले होते. मध्ये नुसता गोंधळ. जिथे मी एक म्हटलं तिथे सर दोन, सर एक तिथे बाई शून्य. चार-पाच ठिकाणी तर आमचं आमच्याच जुन्या रिपोर्टशी पटत नव्हतं.

काका अक्काच्या काचेपाशी थांबले. त्यांना वाचवेना. बाईंनी कागद हातातून घेतला.

सरांनी यावेळी दोन लिहिलं होतं. मी एक. बाईंनीही एक.

वरच्या खिडकीतून कुणाचे तरी पाय घाईघाईने गेले. सर उठले आणि टोपी विसरून निघून गेले. त्यांचं बरोबर निघालं होतं, पण त्यात आनंद मानायला जागा कुठे होती? ज्या दिवशी बरोबर निघायला हवं होतं तो दिवस गेला होता. बाईंनी ती काच मायक्रोस्कोपला लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. नेहमीसारखं बोलल्या मात्र नाहीत.

घरी गेल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अक्काला यातलं अक्षर कळता कामा नये. तुझ्या हाती काच असती तर मी वाचले असते, एवढाच तिला आधार आहे."

"तो खोटा आधार आहे."

"मग असू दे खोटा! मरणाऱ्या माणसाला काय करायचंय तुझं खरं?"

बाईंनी दोन दिवस जिभेला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी अक्का शेजारणीसमोर पुन्हा तेच म्हणाली, आणि शेजारीण गेल्यावर बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"अक्का, नाव झाकून ती काच माझ्याकडे आली होती. मीही एकच लिहिलं. माझ्या हाती असती तरी हेच झालं असतं."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर किती तरी दिवस ती बाईंशी बोलली नाही. बाईंनी आणलेलं पाणी प्यायची, पण ग्लास भावाच्या हातात द्यायची. हे मला बाईंनीच सांगितलं, मायक्रोस्कोपच्या भिंगावरची धूळ पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

शेवटी एकदाची अक्का बोलली, तेही वसकन. "बाकीच्यांचं तरी नीट बघता का आता?"

"शिकतोय. तिघं एकत्र बसून."

"या वयात?"

"या वयात."

"मग ही उशी वर कर. आणि रडायचं असेल तर खाली जाऊन रड, मला त्रास होतो."

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा बाई उशाशी होत्या. यजमानांनी मात्र बाईंना माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ते एकाच घरात राहतात, एकमेकांना वेळेवर जेवायला हाक मारतात. "भाडेकरू" हा विनोद त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

शिकतोय म्हणाल्या ते खरंच होतं. त्या दुपारी तसे निघून गेलेले सर दुसऱ्या दिवशी स्वतःहून आले आणि म्हणाले, "दोन तोंडांचा मायक्रोस्कोप अडगळीत पडलाय, तो काढा." एकच काच दोघांनी एका वेळी बघायची आणि काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. तेव्हा कुठे उलगडा झाला. सर आधी लांबून, कमी भिंगातून बघत, आणि लांबून तपकिरी दिसलं नाही की हात आखडता घेत. बाई थेट मोठं भिंग लावत आणि नजर पडेल त्या कोपऱ्यावरून ठरवत. माझ्या मायक्रोस्कोपचा दिवाच मंद झाला होता. मला सगळ्या जगावर साय धरल्यासारखी दिसायची आणि मी तेच खरं धरून चाललो होतो. रंगही रोज सारखा चढत नव्हता. मग काकांनी प्रत्येक काचेच्या कडेला ओळखीचे चार तुकडे बसवायला सुरुवात केली, शून्य ते तीन. आधी ते बघायचे, ते नेहमीसारखे दिसले तरच पुढे जायचं.

एक की दोन असा प्रश्न पडला की दुसऱ्याने पहिल्याचा गुण न बघता बघायचं. जुळलं नाही तर एकत्र बसायचं. तरी जुळलं नाही तर दोन धरून पुढची तपासणी. वर्षभराने पुन्हा पट्ट्या चिकटवून बसलो, तेव्हा मधल्या जागेतला गोंधळ बराच आवरला होता. सगळा नाही. काही काचा अशा असतात की त्यांच्यापुढे आजही आम्ही तिघं हात टेकतो.

बाई तिथे थांबल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण मागच्या काही वर्षांत ज्यांना आम्ही एक दिला होता, त्या सगळ्या काचा पुन्हा बघायच्या असा त्यांनी हट्ट धरला. वरच्या साहेबांना घाम फुटला. "झाकली मूठ राहू द्या, बाई," ते म्हणाले. सर म्हणाले, "मूठ माझी आहे. उघडा."

त्यातून काही नावं निघाली. रिपोर्टवर ज्याची सही त्याने फोन करायचा, असं सरांनी ठरवलं आणि आपले फोन त्यांनी दार लावून केले. बाईंच्या सहीच्या बायकांपैकी एक आली, तपासणी करून घेतली, ती नकाराची निघाली. बिचारी उगाच महिनाभर झोपली नाही. एकीला औषध सुरू झालं. तिसरीचा फोन तिच्या मुलीने उचलला. आई मागच्याच वर्षी गेली होती.

मला वाटलं, बाई दिलगिरी व्यक्त करून फोन ठेवतील. त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "मला ती काच बघायची आहे."

ती आली. पंचविशीची असेल, पायांत ऑफिसचे बूट, खांद्यावर जड पिशवी. बाईंनी तिला दोन तोंडांच्या मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि समोरून स्वतः डोळे लावले.

"हे कडं बघा. इथून सुरू होतं, असं फिरतं, इथे मिळतं. मी ते तुटलेलं धरलं."

मुलगी खूप वेळ बघत होती. "मला तर सगळं सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"दिसणारच. तुमचं ते काम नाही. माझं होतं."

मुलगी उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत जाऊन परत वळली. "मी तक्रार करणार आहे तुमच्यावर."

"करा," बाई म्हणाल्या. "काचेचा नंबर लिहून देते, लागेल तुम्हाला."

तिने तक्रार केली. चौकशी अजून चालू आहे, आणि समितीपुढे बाईंनी एकही गोष्ट नाकारलेली नाही. सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बाईंनी पट्ट्या चिकटवलेल्या काचा दिल्या. त्यांना राग आला. बाईंनी आपली खुर्ची मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या तोंडाशी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "रागावून झालं की बसा. आधी मी माझ्या चुका दाखवते."