चारही चाकं हिरवी

माझ्या अंगणात मळकं काही उभं राहिलेलं मला सहन होत नाही. मग ते बैल असोत, भाच्या असोत, नाहीतर धाकट्या भावाची ती अवाढव्य गाडी. भाऊ ठाण्याला राहतो, चांगल्या पगारावर आहे, आणि दर शनिवारी बायको-मुलींना घेऊन सापगावला आईकडे आणि माझ्याकडे येतो. गाडी त्याची नव्हे. ऑफिसने लीजवर दिलेली, ठरलेली मुदत संपली की परत करायची. पण गावात हे कोण ऐकून घेणार? येणारा-जाणारा बॉनेटवरून हात फिरवून जायचा, आणि हायवेवर ती कशी सुसाट सुटते ते भाऊ रंगवून सांगायचा.

त्या पौषात आईने म्हशाच्या जत्रेचा धोशा लावला. तिला घोंगडी हवी होती, नातींना पाळण्यात बसायचं होतं. रविवारी सकाळी किन्हवलीवरून मुरबाड आणि तिथून म्हसा, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी पदर खोचून, बादली घेऊन गाडी धुवायला बसले. बाहेरून टायर छान दिसत होते, नक्षी जागच्या जागी होती. उजव्या पुढच्या चाकाच्या आतली माती काढायला हात घातला आणि बोटात काहीतरी कचकन घुसलं.

मला वाटलं काटा असेल. बोट तोंडात धरून खाली वाकले आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. टायरच्या आतल्या कडेचं रबर पार झिजून गेलं होतं आणि त्यातून बारीक तारा बाहेर आल्या होत्या. उद्या याच चाकाच्या भरवशावर आई, वहिनी आणि दोन्ही पोरी बसणार होत्या.

मी भावाला हाक मारली. तो आला, पण वाकला नाही. पँट नवी होती. आपल्याकडचे खड्डे खाऊन चाकांची अलाइनमेंट जरा बिघडली असेल, म्हणाला. गाडी थोड्या दिवसांत परतच द्यायची आहे. घालायचे तर याच जातीचे टायर घालावे लागतात, ते मागवून घ्यावे लागतात, जत्रेहून आलो की बघू. माझं तोंड बंद होईना तेव्हा त्याने गाडीत बसून समोरचा टीव्हीसारखा पडदा सुरू केला. पडद्यावर गाडीचं चित्र होतं, त्यात चार चाकं, चारही हिरवी.

"ताई, ही गाडी सगळं सोताच सांगते. काय झालं असतं तर लाल नसतं दाखवलं?"

हिला नक्की काय कळतं, असं मी विचारलं. हवा, असं तो म्हणाला. हवा कमी झाली की लगेच सांगते. म्हणजे रबर उरलंय की नाही हे या शहाणीला कळतच नव्हतं. मी आईकडे तक्रार नेली, तर तिने माझ्या बोटावर हळद दाबली आणि जत्रेला जाताना अपशकुन नको म्हणून मलाच गप्प केलं. पोरी पाळण्यात कोण कुठे बसणार यावर भांडत होत्या.

पहाटे चहाचं आधण चुलीवर ठेवलं आणि अंगणात गेले. त्याच उजव्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण काढलं, केसातली पिन आत दाबली. हवा फुसफुसत जायला लागली. तो आवाज घरभर ऐकू जातोय असं वाटत होतं. चाक बसलं तशी टोपण लावून घरात आले.

भावाने गाडी सुरू केली आणि पडदा लाल झाला. या गाडीला स्टेपनी नसते. त्याने फोन लावले. दुपारी गाडी न्यायला मोठा ट्रक आला तोवर आई रुसून बसली होती आणि पोरी रडून झोपल्या होत्या. ट्रकवाल्याने पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली डोकावला आणि भावाला बोलावलं. यावेळी भाऊ मातीत गुडघे टेकून वाकला. मी तारा पाहिल्या होत्या ते चाक बरं म्हणायचं. डाव्या चाकाला मी हातही लावला नव्हता, आणि त्याच्या आतल्या अंगाला मुठीएवढा फुगा आला होता. मुरबाडसुद्धा गाठलं नसतं, असं ट्रकवाला म्हणाला.

भाऊ ओसरीवर येऊन बसला. मग पोरींना जवळ घेऊन मला म्हणाला,

"बघितलंस ना ताई? गाडीनं वाचवलं आपल्याला."

पिन अजून माझ्या केसातच होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि आईसमोर त्याला तोंडघशी पाडायचं माझ्या जिवावर आलं. मी चहा ठेवायला उठले.

आता ही गोष्ट तो लग्नात, बारशात, भेटेल त्याला सांगतो. ती गाडी नवे टायर घालून परत गेली, आणि तिच्या जागी त्याच कंपनीची, तिच्याहून जोरदार अशी दुसरी त्याने लीजवर घेतली. मी अजून दर शनिवारी बादली घेऊन बसते आणि चारही चाकांच्या आत हात घालते. गेल्या शनिवारी डाव्या पुढच्या चाकाची आतली कड बोटांना गुळगुळीत लागली. मी भावाला बोलावलं. त्याने ओसरीवरूनच मोबाइलवर गाडीचं तसलंच चित्र उघडून माझ्या दिशेने धरलं. आता त्याला गाडीत बसायचीसुद्धा गरज नाही.

"चारही हिरवी हायत, ताई," तो म्हणाला आणि पोरींना गाडीत बसायला सांगितलं.