क्षत्रप म्हणजे राखणारा

वर्गात नवा शब्द आला की राऊतबाई धडा थांबवत आणि विचारत, "याचं गाव कोणतं?" उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. त्या डहाणूकडच्या. सिल्वासाच्या आमच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायच्या. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे गणिताला लागलो.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला एक बडे पुढारी यायचे होते. सगळे त्यांना भाई म्हणत. स्वागताचा मजकूर मुख्याध्यापकांनी लिहिला, वाचायचा होता बाईंनी. त्यात 'आमचे क्षत्रप' असं होतं. शाळेच्या वसतिगृहातला पंप तेव्हा तीन आठवडे बंद होता. खानवेलकडच्या मुली दमणगंगेवरून हंडे आणत. अर्ज करून झाले होते.

"बाई, आज काही बोलू नका," मी म्हणालो.

"मी फक्त अर्थ सांगणार," त्या म्हणाल्या.

मजकूर वाचून झाल्यावर त्या थांबल्या. "क्षत्रप हा शब्द इराणचा. तिथला सम्राट प्रत्येक प्रांतावर एक अधिकारी नेमायचा. त्याला म्हणत ख्शथ्रपावन. ख्शथ्र म्हणजे राज्य, आपलं 'क्षत्र' त्याचंच भावंड. 'पा' म्हणजे राखणं. शकांबरोबर तो इकडे आला, नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे. पेपरवाले दांडग्या पुढाऱ्याला क्षत्रप म्हणतात, पण मूळ अर्थ राज्य राखणारा. भाई, आमच्या मुली नदीवरून पाणी आणतात. तेवढं राखा."

भाई हसले. "बेन, आ शब्द तो मोंघो पड्यो!" म्हणजे, हा शब्द तर महागात पडला.

चौथ्या दिवशी पंप सुरू झाला. जूनमध्ये बाईंच्या हातात आडबाजूच्या खानवेलच्या शाळेत बदलीचा कागद पडला. त्याआधी मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, "त्या असं बोलणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी नाही म्हणालो. नोकरी नवी होती. बाईंना हे कळलं होतं, तरी बसमध्ये चढताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "सातवीच्या मुली अपूर्णांकात कच्च्या आहेत, बघा."

दोन वर्षांनी मुख्याध्यापक बदलले. मी बाईंच्या नावाने परतीचा अर्ज तयार केला आणि सहीसाठी खानवेलला गेलो. शाळा सुटली होती, तरी व्हरांड्यात सात-आठ मुली वाचत बसल्या होत्या. मी आधी ते खोटं बोलल्याचं कबूल केलं.

"ठाऊक आहे. चहा घ्या," बाई म्हणाल्या.

अर्ज त्यांनी पूर्ण वाचला, एक वेलांटी सुधारली आणि परत दिला.

"या पोरींचे आईबाप मजुरीवरून अंधार पडल्यावर येतात. तोवर या इथेच असतात. मी आले तर यांच्याजवळ कोण बसेल?"

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि शेवटची बस पकडली. सही झाली नव्हती.